दहा इंचांचं चाक

वॉरिकशायरमधल्या भाड्याच्या घरात सामान लावून जेमतेम दोन आठवडे झाले होते. शेजारच्या काकांनी शिडी धरायला बोलावलं म्हणून त्यांच्या गॅरेजात गेलो. (काका मनातल्या मनात. ऐंशीकडे झुकलेल्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला जीभ वळेपर्यंत चार महिने गेले.) गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला एक चाक टांगलेलं होतं. मी शिडी सोडून त्याच्याकडेच बघत राहिलो. चेतकचं चाक! आमच्या आकुर्डीचं चाक इथे कसं आलं?

बाबांच्या चेतकची स्टेपनी काढून बसवणं हे शाळेत असल्यापासून माझं खातं. दहा इंची रिमचा तो घेर हातांना पाठ आहे, डोळे मिटून ओळखेन. जवळ जाऊन हात लावला तर रुंदी जरा जास्त होती, बोल्टांची भोकंही वेगळी. पण घेर तोच. काका हसले आणि कोपऱ्यातल्या ताडपत्रीचं एक टोक त्यांनी उचललं. खाली फिकट हिरवी, १९६२ सालची ऑस्टिन मिनी होती. खिळ्यावरची तिची स्टेपनी.

मी मोटारींच्या धंद्यातला माणूस. मिनीबद्दल कॉलेजात वाचलं होतं, परीक्षेत इंजिनाची आकृतीही काढली होती. पण शेजारी उभं राहिल्यावर कळलं, की हिचं छप्पर माझ्या छातीशी येतं. माझी उंची सहा फूट. काका म्हणाले, बस आत. अंग चोरून शिरलो आणि बसल्यावर बघतो तर डोक्यावर चार बोटं जागा, गुडघे मोकळे, खांदा दाराला टेकत नाही. मागे वळून पाहिलं, तर तिथेही दोन माणसं सुखाने बसतील एवढी सोय. बाहेर येऊन मी गाडीभोवती एक फेरी मारली. पुण्यात फ्लॅट बघायला गेल्यावर कार्पेट एरिया किती म्हणून आपण भिंतीपासून भिंतीपर्यंत पावलं टाकतो, तशी.

मिनीची गोष्ट सुरू होते ती कालव्यावरच्या भांडणातून. २६ जुलै १९५६ ला इजिप्तच्या नासरने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. ब्रिटन आणि फ्रान्सने इस्रायलला हाताशी धरून सैन्य घुसवलं, अमेरिकेने डोळे वटारल्यावर निमूटपणे माघार घेतली. तोवर कालवा बंद पडला होता आणि आखाताकडचं तेल तर त्याच वाटेने यायचं. डिसेंबर १९५६ ते मे १९५७ ब्रिटनमध्ये पेट्रोलवर रेशन होतं. आपण आता महासत्ता उरलो नाही हे इथल्या सामान्य माणसाला भाषणांतून नव्हे, पेट्रोल पंपावर कुपन देताना समजलं असावं, असा माझा आपला अंदाज.

त्या टंचाईत रस्त्यावर बबल कार दिसू लागल्या. अंड्यासारख्या बुटक्या, काहींना तीनच चाकं, मोटरसायकलचं इंजिन. त्यातली इसेट्टा मूळ इटलीची, पण जर्मनीत बीएमडब्ल्यू बनवायची. तिचं दार समोरच्या बाजूला होतं, फ्रिजसारखं उघडायचं. बीएमसीचा प्रमुख लेनर्ड लॉर्ड याला त्या गाड्या डोळ्यांसमोर नकोशा व्हायच्या. (मुंबईकरांनी दचकू नये. ही बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, ऑस्टिन आणि मॉरिस यांच्या एकत्र येण्यातून झालेली.) त्याने आपल्या इंजिनिअरला सांगितलं, की चार माणसांची खरीखुरी छोटी मोटार कर आणि ही अंडी रस्त्यावरून घालव. अट एकच, इंजिन आपल्याकडे आहे त्यातलंच वापरायचं. नवीन करायला ना वेळ होता ना पैसा.

तो इंजिनिअर म्हणजे अ‍ॅलेक इसिगोनिस. जन्म १९०६, गाव स्मर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर. वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश नागरिक, आई जर्मन. १९२२ मध्ये तुर्की सैन्य स्मर्नात शिरलं, शहर जळालं, आणि नागरिकत्वाच्या बळावर या कुटुंबाला ब्रिटिश जहाजाने माल्टाला नेलं. वडील तिथेच गेले. विधवा आई आणि विशीही न गाठलेला मुलगा इंग्लंडात येऊन पोचले. बॅटर्सी पॉलिटेक्निकमध्ये हा मुलगा गणितात तीनदा नापास झाला. पुढे तो म्हणायचा, की शुद्ध गणित हा सर्जनशील माणसाचा शत्रू आहे. माझ्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातल्या केटीच्या काळात हे वाक्य माहीत असतं, तर घरी वापरून पाहिलं असतं. बाबांवर त्याचा परिणाम झाला नसता, ही गोष्ट वेगळी.

याच माणसाने आधी मॉरिस मायनर केली होती. तीच मायनर आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने 'बेबी हिंदुस्तान' नावाने विकली. म्हणजे इसिगोनिसची गाडी आपल्या आजोबांच्या पिढीने रस्त्यावर पाहिलेली आहे, फक्त त्याचं नाव त्यांच्या कानावर गेलं नाही. मायनरचा नमुना तयार झाल्यावर त्याला ती अरुंद वाटली. त्याने ती उभी कापायला लावली आणि दोन अर्ध्या सरकवत सरकवत नजरेला बरं वाटेल तिथे थांबला. चार इंच. कागदावरची मापं, मंजुऱ्या सगळं बाजूला, डोळा सांगेल ते खरं. अशा माणसाबरोबर काम करणं किती कठीण असेल, हे मी रोज मीटिंगांत बसणारा माणूस सांगू शकतो. आणि मीटिंगांतून अशी गाडी का निघत नाही, तेही.

आता त्याच्यासमोरचं कोडं. त्याने स्वतःला माप घालून घेतलं होतं, दहा फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच. गाडी पुरी झाली तेव्हा रुंदी-उंची पाच-सात इंचांनी वाढली, पण लांबी दहा फुटांवरच राहिली, ३.०५ मीटर. त्यातली ८० टक्के जागा माणसांना आणि सामानाला द्यायची.

अँबॅसिडर किंवा पद्मिनीत मागच्या सीटवर मधे बसलेल्यांना वेगळं समजवायला नको. पायाखाली उंचवटा असायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना पाय फाकवून बसावं लागायचं आणि ती जागा हमखास घरातल्या धाकट्याला मिळायची. त्या उंचवट्याखालून लांबलचक शाफ्ट जायचा, पुढच्या इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवायला. इंजिन गाडीच्या लांबीत उभं, त्याच्या मागे गिअरबॉक्स, त्याच्या मागे हा शाफ्ट. निम्मी गाडी यंत्राचीच.

इसिगोनिसने इंजिन आडवं फिरवलं आणि पुढचीच चाकं ओढती केली. शाफ्ट गेला, उंचवटा गेला. राहिला गिअरबॉक्स. आडव्या इंजिनाच्या शेजारी ठेवावा तर गाडीची रुंदी पुरेना. मग त्याने तो इंजिनाच्या खाली, तेल साठतं त्या तळाच्या पेटीत, म्हणजे सम्पमध्येच घातला. इंजिनालाही तेच तेल, गिअरनाही तेच.

ही आकृती कॉलेजात काढताना मला काही वाटलं नव्हतं. काकांच्या गॅरेजात बॉनेट उघडलं, आणि एकदम आमचं सदाशिव पेठेतलं बिऱ्हाड आठवलं. दोन खोल्या, पाच माणसं. आईने पलंगाखाली विटा लावून तो वीतभर उंच केला होता आणि खाली ट्रंका सरकवल्या होत्या. एकीत गाद्यांच्या खोळी, दुसरीत वर्षाचे गहू, तिसरीत आमच्या मुंजीतली भांडी. पाहुणे आले की म्हणायचे, वहिनी, तुमच्याकडे पसारा कसा नाही हो? पसारा होता. त्यांच्याच बुडाखाली होता. बीएमसीचा गिअरबॉक्स जिथे गेला, तिथेच आमचे गहू असायचे.

आडवं इंजिन किंवा पुढची ओढती चाकं हे काही इसिगोनिसने शोधून काढलं असं नाही. पुढच्या चाकांवर चालणारी सित्रोएन १९३४ पासून होती, जर्मनीच्या डीकेडब्ल्यूने आडवी इंजिनंही बसवली होती. शिवाय आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली नसतो, शेजारी असतो. ती रचना रुळवली फियाटच्या दान्ते जियाकोसाने, ज्याच्या फियाट ११०० ची पुढे कुर्ल्यात पद्मिनी झाली. १९८३ ची आपली मारुती ८०० याच जातीची, आडवं इंजिन आणि शेजारी गिअरबॉक्स. पण एवढ्याशा चौकटीत चार मोठी माणसं बसवून दाखवली आणि ती गाडी लाखांनी बनवली, ते मिनीने. त्यानंतर बाकीच्यांना वेगळं काही करायला सबब उरली नाही.

चाकं दहा इंची असण्याचं कारणही हेच. तेव्हा मोटारीची चाकं साधारण तेरा ते पंधरा इंची असत. मोठी चाकं म्हणजे आत घुसणारे मोठे मडगार्ड, म्हणजे पुन्हा माणसांची जागा गेली. डनलॉपने खास हिच्यासाठी एवढे लहान टायर बनवले. पाटेही नाहीत आणि कॉइल स्प्रिंगही नाहीत, त्यांच्या जागी रबराचे शंकू आहेत. ती करामत अ‍ॅलेक्स मोल्टन नावाच्या मित्राची. रबर दाबत गेलं की कडक होत जातं. सहाएकशे किलोच्या गाडीत चार माणसं बसली की वजन एकदम निम्म्याने वाढतं, तिथे हा गुण कामाचा. खड्ड्यात मात्र कंबर मोडते. काका गाडी बाहेर काढायच्या दिवशी पाठीला पट्टा बांधतात.

दारांना काच वर-खाली करायचं हँडल नाही, काच सरकते. त्यामुळे दाराच्या आत यंत्र नाही, म्हणून दार पोकळ, म्हणून त्यात भला मोठा खण. इसिगोनिसने हा खण आपल्या आवडत्या जिनच्या बाटल्यांच्या मापाने केला अशी आख्यायिका आहे. काकांच्या खणात नकाशे, चिंध्या आणि पेपरमिंटची पुडी असते. दार आतून उघडायला एक दोरी ओढायची. स्टार्टरचं बटण जमिनीवर. स्पीडोमीटर मधोमध, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे असो की उजवीकडे, एकच फळी चालते. आणि डिकीच्या दारावरची नंबरप्लेट बिजागरीवर लोंबती ठेवलेली. सामान जास्त झालं तर डिकी उघडी टाकून त्यावर पेट्या ठेवायच्या, नंबरप्लेट आपोआप खाली लोंबते आणि मागून दिसत राहते. ही बिजागरी ज्याच्या डोक्यात आली, त्याला भाजीच्या चार पिशव्या घेऊन घरी येणारा माणूस माहीत होता.

रेडिओला मात्र जागा नाही, कारण रेडिओमुळे लक्ष उडतं असं इसिगोनिसचं मत. सीट फार आरामाची नको, नाहीतर चालवणारा सैलावतो, हेही त्याचंच.

मग खोड्या. नमुन्याच्या गाड्यांत कार्ब्युरेटर पुढच्या बाजूला होता आणि थंडीत त्यात बर्फ धरायचं. म्हणून इंजिन पाठमोरं फिरवलं. कार्ब्युरेटर मागे सुरक्षित गेला आणि डेल्को, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर, आला बरोबर जाळीच्या मागे, पावसाच्या तोंडावर. इंग्लंडात पाऊस किती पडतो हे तिथल्या इंजिनिअरांना माहीत नसेल असं कसं म्हणावं! पाऊस आला की मिनी मुसमुसून बंद. जमिनीच्या पत्र्याचे सांधेही सुरुवातीला असे जोडले होते, की चाकांनी उडवलेलं पाणी थेट आत यायचं, सतरंज्या भिजायच्या. लोकांनी डेल्कोवर भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले, बोटं कापून त्यातून वायरी काढल्या. काकांच्या मिनीत तो पिवळा हातमोजा आजही आहे. मी म्हणालो, आता याला चांगलं कव्हर मिळतं. ते म्हणाले, हा १९७४ पासून टिकलाय.

२६ ऑगस्ट १९५९ ला गाडी लोकांसमोर आली, कर धरून ४९७ पौंडांच्या आत. फोर्डच्या माणसांनी एक विकत घेऊन सुटी केली, एकेका भागाची किंमत मांडली आणि हिशोब काढला, की बीएमसी प्रत्येक गाडीमागे ३० पौंडांचा तोटा सोसत असणार, असं सांगतात. ज्या कामगार कुटुंबांसाठी गाडी केली, ती मात्र सुरुवातीला दूरच राहिली. पैसे साठवून एकदाच मोटार घ्यायची, तर ती मोटारीसारखी दिसायला हवी ना.

इथे मला आपली नॅनो आठवल्याशिवाय राहत नाही. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीत पडदा उघडला त्या दिवशी आमच्या पिंपरी-चिंचवडच्या कँटीनमध्ये जेवण सोडून सगळे टीव्हीपुढे होते. नॅनोची लांबी ३.१ मीटर, मिनीपेक्षा दोन-अडीच बोटं जास्त. स्कूटरवर पावसात भिजणारं चौघांचं कुटुंब तिच्या मुळाशी होतं, मिनीच्या मुळाशी पेट्रोलचं रेशन. नॅनोतही आतली जागा थक्क करणारी होती. पण 'सर्वांत स्वस्त गाडी' हा शिक्का तिच्या कपाळी बसला. लोकांना लहान गाडी चालत होती. गरिबाची गाडी म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी करायला नको होती. रतन टाटांनीही पुढे हे बोलून दाखवलं. २०१८ मध्ये नॅनो थांबली. पन्नास वर्षांच्या अंतराने दोन देशांतला ग्राहक एकच वाक्य बोलत होता, लोक काय म्हणतील.

मिनी त्यातून सुटली ती नशिबाने. राजकन्या मार्गारेट आणि तिचा नवरा लॉर्ड स्नोडन मिनीतून हिंडू लागले. स्नोडन इसिगोनिसचा दोस्त होता. मग चारही बीटल्सनी मिनी घेतल्या. विनोदी नट पीटर सेलर्सने आपल्या मिनीला वेताचं नक्षीकाम करून घेतलं. मेरी क्वांट या फॅशनवालीने आखूड स्कर्टला आपल्या आवडत्या गाडीचं नाव दिलं. सरदाराच्या दारात आणि शिक्षिकेच्या दारात एकच गाडी उभी, हे त्या वर्गभेदाच्या देशात फारसं घडलेलं नव्हतं. रतन टाटाही म्हातारपणी नॅनोतून ताज हॉटेलात उतरले, तो व्हिडिओ लाखोंनी पाहिला. पण तोवर नॅनो बनणं बंद होऊन चार वर्षं झाली होती.

नशिबाबरोबर आणखी एक गोष्ट होती. नॅनोकडे ती नव्हती, आणि हे मी जड मनाने लिहितोय. चारी चाकं अगदी चार कोपऱ्यांत ढकललेली असल्याने मिनी वळणावर रस्ता सोडत नाही. शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपरला हे पहिल्यांदा चालवली तेव्हाच उमगलं. इसिगोनिस नाही म्हणत होता, त्याच्या लेखी ही साध्या माणसाची गाडी. कूपरने वरिष्ठांना पटवलं आणि १९६१ मध्ये मिनी कूपर आली. जानेवारी १९६४ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पॅडी हॉपकर्कने मोठमोठ्या इंजिनांच्या गाड्या मागे टाकत बर्फातली माँटे कार्लो रॅली मारली. १९६५ मध्ये फिनलंडच्या टिमो मॅकिननने पुन्हा. १९६६ मध्ये पहिल्या तिन्ही मिनीच होत्या, पण पंचांनी हेडलाइटचे बल्ब नियमात बसत नाहीत म्हणून तिन्ही बाद ठरवल्या आणि बक्षीस सित्रोएनला दिलं, फ्रेंच गाडीला. काका हा विषय निघाला की आजही चहाचा कप खाली ठेवतात. १९६७ मध्ये मिनीने ती रॅली परत जिंकली.

नंतरची गोष्ट लांबवण्यात अर्थ नाही. इसिगोनिसने हिच्याहून लहान आणि हलकी गाडी आखली, ती कंपनीने कधी बनवलीच नाही. तो १९८८ मध्ये गेला. मालक बदलत राहिले, मिनी तशीच निघत राहिली, शेवटच्या काळात तर जपानी लोकांच्या हौसेवर. ४ ऑक्टोबर २००० ला लाँगब्रिजच्या कारखान्यातून शेवटची बाहेर पडली. एकूण ५३,८७,८६२. नाव गेलं बीएमडब्ल्यूकडे, त्याच इसेट्टावाल्या बीएमडब्ल्यूकडे, जिच्या अंड्यांना हुसकवायला मिनी केली होती. लॉर्डसाहेब हे बघायला नव्हते ते बरं. नवी मिनी मला चालवायला आवडते, खोटं कशाला बोलू. पण तिच्यातलं सर्वांत मोठं मॉडेल सव्वाचार मीटरच्या वर गेलंय, आणि पुण्यात तिची किंमत ऐकून बाबांनी विचारलं होतं, यात फ्लॅटही येतो का?

एका शनिवारी लाँगब्रिजला जाऊन आलो. बर्मिंगहॅमहून लोकल जाते. कारखान्याच्या बऱ्याचशा जागेवर आता दुकानं आणि घरं आहेत. काकांनी तिथे सत्तरच्या दशकात काही वर्षं असेंब्लीवर काम केलंय, पण सोबत यायला ते तयार झाले नाहीत. गेडनच्या मोटार संग्रहालयात मात्र दोनदा आले. तिथे पहिली मॉरिस मिनी आहे, पांढरी, नंबर ६२१ एओके. काकांनी दोरीपलीकडून वाकून तिच्या पत्र्याचा सांधा पाहिला आणि म्हणाले, माझा नीट बसलाय.

मागच्या महिन्यात त्यांनी मला पहिल्यांदा गाडी चालवायला दिली. रिमझिम होती. खाली वाकून बटण दाबलं, इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प. माझा हात नकळत दाराबाहेर गेला. चेतक असती तर डाव्या बाजूला कलती केली असती. काकांनी बॉनेट उघडून हातमोजा झटकला, डेल्को पुसला, पुन्हा बसवला. तिसऱ्या वेळी लागली. काठीसारखा लांब गिअर पहिल्यात टाकला आणि गल्लीच्या टोकाला चर्चपाशी वळण घेतलं, थोडं वेगातच. गाडी वळली म्हणण्यापेक्षा मी मान वळवली आणि ती आलीच.

रात्री पुण्याला फोन केला, बाबांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते. अ‍ॅव्हरेज किती देते, हा प्रश्न येणार म्हणून मी लिटर-किलोमीटरचा हिशोब तयार ठेवला होता.

"चाक दहा इंची म्हणालास?" बाबांनी विचारलं. "आपल्या चेतकची एक स्टेपनी माळ्यावर पडून आहे. कोणी घेईना म्हणून ठेवलीय. त्या गृहस्थांना लागत असली तर येताना घेऊन जा."

"बाबा, बोल्ट जुळणार नाहीत."

"विचारून तर बघ," ते म्हणाले.